कार्ड की डबा : सर्व्हर रूमच्या नोंदवहीतून

५ ऑक्टोबर २००४, मंगळवार

आज सकाळी रूममधल्या यंत्रांची मोजदाद केली. एक एएस/४००, मॉडेल २७० : इनव्हॉइसपासून पगारापर्यंत कंपनीचा मुख्य कारभार चालवणारं आयबीएमचं मशीन. शेजारी लोखंडी रॅकवर चार टॉवर सर्व्हर, म्हणजे आमच्या भाषेत डबे. पहिल्यावर फाइली आणि प्रिंटर. दुसऱ्यावर बारकोड आणि लेबलं. तिसऱ्यावर मेल. चौथ्यावर टाइम ऑफिसची हजेरी. चौघांचे जन्म वेगवेगळ्या सालांतले, चौघांच्या बॅकअपच्या टेप वेगवेगळ्या मापाच्या, यूपीएस तीन. मॉनिटर एकच आहे, तो कोण बोंबलतंय त्याप्रमाणे या डब्यावरून त्या डब्यावर हलतो.

चारांपैकी तिघांवर विंडोज एनटी ४.० आहे. ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्ट एनटी सर्व्हरचा आधार बंद करतंय, त्यानंतर सुरक्षेचे पॅचसुद्धा मिळणार नाहीत. मे महिन्यात सॅसर वर्मनं (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) शॉप फ्लोअरवरचे पीसी कसे लोळवले ते सगळ्यांना आठवतंय. तेव्हा एनटी वाचलं ते केवळ सॅसरचा डोळा विंडोज २००० आणि एक्सपीवर होता म्हणून. दर वेळी असं नशीब नसतं.

मॅनेजर साहेब म्हणाले, "चार डबे बदलायचे की ते एएस फोर हंड्रेडमध्ये बसणारं कार्ड घ्यायचं, दिवाळीच्या आत लिहून द्या. पानभर पुरे."

पानभरात मावणार नाही. म्हणून ही वही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी. कंपनी शांत, वाचायला बरं.

कार्ड म्हणजे नेमकं काय, ते आधी स्वतःसाठी लिहून ठेवतो. एएस/४०० च्या पोटात एक जाडजूड पाटी बसते, ती एकापेक्षा जास्त स्लॉटची जागा खाते. तिच्यावर स्वतःचा इंटेल प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी. त्यावर खरंखुरं विंडोज चालतं, नकली नाही. मागून वायर काढून कीबोर्ड, माउस, मॉनिटर लावायचा. फक्त डिस्क नाही. डिस्क एएस/४०० देतो. त्याच्या सगळ्या डिस्क मिळून जो एकच मोठा साठा असतो, त्यातला एक तुकडा कापून कार्डाला सांगायचं, हा तुझा सी ड्राइव्ह. विंडोजला फरक कळत नाही.

कल्पना नवी नाही. नव्वदच्या दशकात हेच कार्ड फाइल सर्व्हरचं काम करायचं, त्यावर ओएस/२ आणि नेटवेअर या तेव्हाच्या प्रणाली चालायच्या. एनटी आलं १९९८ च्या सुमारास. नाव मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदललं : इंटिग्रेटेड पीसी सर्व्हर, मग इंटिग्रेटेड नेटफिनिटी सर्व्हर, आता इंटिग्रेटेड एक्ससिरीज सर्व्हर. खुद्द यजमानाचंही तेच. १९८८ साली एएस/४०० म्हणून आला, २००० साली आयसिरीज झाला, यंदा मे महिन्यात आय५. लग्नानंतर नाव बदलावं तसं आयबीएम बदलते आणि आम्ही माहेरच्याच नावानं हाक मारतो.

डिस्क कार्डावर नाही, यात सगळी गोम आहे. डब्यात काय बिघडतं? आमच्या सहा वर्षांच्या तक्रारवहीत पहिला नंबर डिस्कचा, दुसरा पॉवर सप्लायचा, तिसरा पंख्याचा. कार्डाला यातलं स्वतःचं काहीच नाही. डिस्क एएस/४०० च्या, रेड-५ मधल्या, म्हणजे एखादी गेली तरी डेटा शाबूत राहील अशा मांडणीतल्या. एक गेली तर दिवा लागतो, इंजिनियर येतो, चालू मशीनमध्ये बदलून जातो. वीज आणि हवाही त्याच घरची. कार्डावर बिघडायला उरलं काय? प्रोसेसर, मेमरी आणि विंडोज.

विंडोज उरतंच, हे साहेबांना ठळक सांगायला हवं. एएस/४०० वर व्हायरस चालत नाही म्हणून त्याच्या पोटातलं कार्डही सोवळं, असा त्यांचा समज दिसतो. तसं अजिबात नाही. पॅच लागणारच, अँटिव्हायरस लागणारच.

१३ ऑक्टोबर, बुधवार

डबेवाले विक्रेते येऊन गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात : कार्डाच्या पैशात आमचे दोन चांगले सर्व्हर येतात, वर तीन वर्षांची वॉरंटी. हिशेब खोटा नाही. कार्ड महाग, त्याची मेमरी त्याहून महाग आणि वेगात ते बाजारातल्या नव्या डब्याच्या नेहमी एक पाऊल मागे. दोन प्रोसेसर हवे असतील तर कार्ड उपयोगाचंच नाही. त्यासाठी बाहेरचा एक्ससिरीज सर्व्हर जाड केबलनं एएस/४०० ला जोडायची सोय आहे, डिस्क तेव्हाही यजमानाच्याच. आमची भूक तेवढी नाही. लेबलं छापायला आणि एक्सेल फाइली ठेवायला दोन प्रोसेसर म्हणजे भाजी आणायला ट्रक.

जाता जाता त्यातला एक तरुण म्हणाला, "सर, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवताय." मी त्याला विचारलं, आज एएस/४०० बंद पडला तर डब्यांवरचं काय काय चालेल? तो सांगू शकला नाही. मीही लगेच सांगू शकलो नाही. उद्या बसून काढायला हवं.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

काढलं.

लेबलं : डिस्पॅचचा डेटा एएस/४०० वरून येतो. तो बंद तर लेबल नाही, डबा धडधाकट असला तरी. शिवाय अबकारीचं इनव्हॉइस एएस/४०० वर निघतं आणि त्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. नुसतं लेबल घेऊन काय करणार?

फाइली : अर्ध्या फाइली एएस/४०० मधून रात्री उतरवलेले रिपोर्ट. उरलेल्या स्वतंत्र.

मेल : पूर्ण स्वतंत्र. उलट एएस/४०० बंद पडलाय हे ग्राहकाला कळवायला मेलच लागतो.

हजेरी : पंचिंग मशीनमधून येते, महिन्याच्या शेवटी पगारासाठी एएस/४०० कडे जाते. एरवी संबंध नाही.

म्हणजे टोपली आजही एकच आहे. फक्त ती चार ठिकाणी फाटू शकते.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या दसरा. सुट्टी असूनही शॉपवर निम्मी माणसं आली होती, यंत्रं धुऊन-पुसून झेंडूचे हार चढवायला. आमच्याकडेही एएस/४०० ला हार, हळदकुंकू (कुंकू फक्त दारावर, पंख्याच्या जाळीजवळ नाही, हे दर वर्षी सांगावं लागतं). सहकाऱ्यानं डब्यांना एकेक फूल वाहिलं. लेबलांच्या डब्यानं फुलाचा स्वीकार केला आणि तो बंद झाला.

पुन्हा चालू होईना. पंखा फिरतो, पडदा काळा. उघडून पाहिलं तर मदरबोर्डावर प्रोसेसरजवळचे पाच कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, दोघांच्या टोकाला तपकिरी चीक. हा प्रकार सध्या जगभर चाललाय. गेल्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांत सदोष द्रव असलेले कपॅसिटर गेले. ते आतल्या आत वायू धरतात, फुगतात, फुटतात. हा डबा तीन वर्षांपूर्वी एका स्थानिक जुळणी करणाऱ्याकडून घेतला होता, स्वस्तात पडला म्हणून. त्याला फोन केला. तो बोर्ड आता मिळत नाही. दुसरा लावला तर त्यावर जुनं एनटी उठेलच असं नाही, कारण डिस्कचा कंट्रोलर बदलला.

परवा सकाळी सातला डिस्पॅच सुरू होणार. हजेरीच्या डब्यावर लेबलांचं सॉफ्टवेअर चढवलं, टेपवरून डेटा आणायला गेलो तर टेपचं माप वेगळं, मग टेप ड्राइव्हच उचलून इकडे लावला. रात्री साडेअकराला पहिलं लेबल निघालं. तोवर हार सुकला होता.

डिस्क शाबूत होती. टेपही शाबूत होती. पाच कपॅसिटर गेले, त्यांनी दिवस खाल्ला. डिस्क आणि बोर्ड एकाच डब्यात बंद असण्याची किंमत ही. एखाद्या वस्तूची पुस्तकातली विश्वासार्हता मला आता फारशी महत्त्वाची वाटत नाही. ती मेल्यावर पुन्हा उभं राहायला किती हात आणि किती तास लागतात, ते मोजायला हवं.

३ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांना टिपण दिलं. दोन पानं झाली. सार :

कार्ड एक घ्यावं. त्यावर विंडोज २००३. फाइली, लेबलं आणि हजेरी त्यावर न्यावी. मेलसाठी एक नवा, चांगला डबा वेगळा. जुने चारही बाद. एएस/४०० मध्ये दोन डिस्क वाढवाव्या लागतील, तो खर्च धरला आहे.

हजेरी कार्डावर का, असं साहेबांनी विचारलं. "जागा आहे म्हणून" असं उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली. मीही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

कार्ड बसलं. एएस/४०० पूर्ण बंद करून, मागचं झाकण काढून. इंजिनियरनं हातात पट्टा बांधून काम केलं, आम्ही दाराशी उभे. बसवायला चाळीस मिनिटं, मशीन उठायला त्याहून जास्त. शेजारच्या स्लॉटमध्ये कार्डाच्या वापराचं वेगळं इथरनेट. आतल्या आत यजमानाशी बोलायला त्यांची खासगी लॅन आहे, तिला वायर नाही, स्विच नाही. कोणी पाय अडकून ती तोडू शकणार नाही, हा माझ्या मते या सगळ्या खरेदीतला सर्वांत दुर्लक्षित फायदा.

२ डिसेंबर, गुरुवार

विंडोज चढवलं. सीडी घालून बूट करायची आपली सवय इथे चालत नाही. इन्स्टॉलची सुरुवात एएस/४०० च्या हिरव्या पडद्यावरून करावी लागते. तो आधी प्रश्न विचारतो : सर्व्हरचं नाव काय, ड्राइव्ह केवढा, डोमेन कुठलं. मग दोन ड्राइव्ह कापतो. सी हा विंडोजचा, डी हा इन्स्टॉलच्या सामानाचा. डी वर आपला डेटा ठेवू नये, त्यासाठी तिसरा ड्राइव्ह वेगळा काढला. पुढे मॉनिटरवर विंडोज इन्स्टॉलचा ओळखीचा निळा पडदा आला तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

चालू करणं म्हणजे व्हेरी ऑन, बंद करणं म्हणजे व्हेरी ऑफ. एएस/४०० वर प्रिंटर किंवा संपर्काची लाइन चालू-बंद करायला जी आज्ञा, तीच. रात्रपाळीच्या ऑपरेटरला विंडोज येत नाही, व्हेरी ऑफ येतं. व्हेरी ऑफ दिलं की विंडोजला रीतसर बंद व्हायला सांगितलं जातं, मूळ मुदत १५ मिनिटं. तेवढ्यात आवरलं नाही तर बखोट धरून.

घड्याळ यजमानाच्या घड्याळाला जुळवून घेतं. एएस/४०० वरचा युजर आणि पासवर्ड बदलला की विंडोजकडे आपोआप जातो. विंडोजमधल्या तक्रारी ऑपरेटरच्या संदेशांच्या रांगेत येतात. रात्रीच्या प्रोग्राममधून विंडोजला आज्ञाही देता येते : लेबलांची सेवा थांबव, फाइल उतरव, सेवा चालू कर. पूर्वी यासाठी मी रात्री दहाला डब्यावर एक आणि एएस/४०० वर एक अशी दोन घड्याळं लावायचो आणि आठवड्यातून एकदा ती चुकायचीच.

१६ डिसेंबर, गुरुवार

आजची नोंद लांबणार.

लेबलांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची होती, सोबत विंडोजचे पॅच. डब्यांच्या काळात या कामाआधी मी घरी सांगून यायचो की रात्री येईनच असं नाही. आज वेगळं केलं. कार्ड व्हेरी ऑफ. सी ड्राइव्ह एएस/४०० च्या लेखी निव्वळ एक वस्तू आहे, तिची हुबेहूब प्रत काढायची आज्ञा आहे. नवा तुकडा तयार कर, जुन्यावरून उतरव. चहा होईस्तोवर प्रत तयार. कार्ड व्हेरी ऑन, आवृत्ती चढवली, पॅच चढवले, रीस्टार्ट.

लेबल उलटं छापून यायला लागलं. आरशात पाहिल्यासारखं. प्रिंटरचा ड्रायव्हर आणि नवी आवृत्ती यांचं जमेना. सॉफ्टवेअरवाल्याशी फोनवर तासभर. तो म्हणाला, जुनी आवृत्ती काढून टाका, रजिस्ट्री साफ करा. मी म्हटलं, थांबा.

व्हेरी ऑफ. बिघडलेला सी ड्राइव्ह कार्डापासून सोडवला, प्रत जोडली, व्हेरी ऑन. वीस मिनिटांत आपण सकाळच्या नऊ वाजता उभे. बिघडलेला ड्राइव्ह फेकला नाही, नाव बदलून ठेवला आहे, सॉफ्टवेअरवाल्याला पुढच्या गुरुवारी दाखवीन.

मी बारा वर्षं या कामात आहे. चूक करून मागे जाता येतं, हे सुख मला आजवर फक्त वर्ड प्रोसेसरमध्ये मिळालं होतं. साधेपणा म्हणतात तो हा असेल तर मला तो पटला. आत काही साधं नाही, पण चुकीची भीती गेली.

३१ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचं एनटी संध्याकाळी सहाला बंद केलं. कोणी काही बोललं नाही. डबा क्रमांक १ चा पंखा थांबल्यावर रूम किती गोंगाटी होती ते कळलं. नव्या वर्षी रूमचा एसी दोन अंश वर ठेवायचा प्रयोग.

२० जानेवारी २००५, गुरुवार

पंधरा दिवसांत कार्ड तीनदा अचानक पडलं. व्हेरी ऑन दिलं की उठतं, दोन-चार दिवसांनी पुन्हा. साहेबांच्या चेहऱ्यावर "म्हणून मी डबे म्हणत होतो" असं लिहिलेलं. खरं तर ते कधीच डबे म्हणत नव्हते.

दोष आमचा निघाला. डिसेंबरअखेर पैसे वाचवायला कार्डासाठी जादा मेमरी बाहेरच्या बाजारातून घेतली होती. ठरवलेल्या जातीचीच, असं विकणारा म्हणाला होता. ती काढली, तेव्हापासून तक्रार नाही. तीन वेळा पडलं, तीनही वेळा फाइल एकही गेली नाही, हेही लिहून ठेवतो. पण महाग मेमरीचं बिल मंजूर करून घ्यायला मला उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय.

१ एप्रिल, शुक्रवार

व्हॅट आला. १९५९ च्या विक्रीकर कायद्याची जागा आजपासून मूल्यवर्धित करानं घेतली. आमच्या मालाला साडेबारा टक्के. मार्चचे शेवटचे दहा दिवस एएस/४०० वरच्या प्रोग्राममध्ये गेले, वर्षअखेर वेगळीच. कार्डाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ३१ तारखेच्या रात्री दोनला आठवलं की त्याच्यावरच्या लेबलांतही कराची एक ओळ आहे. ती बदलली. प्रत काढून, अर्थातच.

१७ मे, मंगळवार

कॉस्टिंगच्या सरांनी फोल्डर पुसलं. "चुकून गेलं हो, कालचं आणून द्या ना." वाटलं, टेपवरून एक फाइल काढणं म्हणजे दोन मिनिटं.

नाही. आपण दर गुरुवारी कार्ड व्हेरी ऑफ करून अख्खा ड्राइव्ह टेपवर घेतो. टेपवर तो एक भलामोठा ठोकळा. त्याच्या आत काय आहे ते एएस/४०० ला ठाऊक नाही. एक फाइल हवी तर अख्खा ठोकळा दुसऱ्या नावानं उतरवा, कार्डाला जादा ड्राइव्ह म्हणून जोडा, विंडोजमधून फाइल उचला, ड्राइव्ह सोडवा, पुसा. तीन तास. आणि ती फाइल गेल्या गुरुवारची. सरांना कालची हवी होती.

फाइल-फाइलचा बॅकअप वेगळा लावता येतो, एएस/४०० विंडोजची शेअर केलेली फोल्डरं स्वतःच्या वाटेनं बघू शकतो. डिसेंबरमध्येच लावायला हवा होता. आजपासून रोज रात्री लावला. ठोकळा आपत्तीसाठी, फाइली माणसांसाठी.

(ते ठोकळे ज्या डिरेक्टरीत राहतात तिचं नाव क्यूएफपीएनडब्ल्यूएसएसटीजी. रात्री एकला ऑपरेटरला फोनवर हे अक्षर-अक्षर सांगून बघा.)

९ जून, गुरुवार

वीज मंडळाचे सोमवारी तुकडे झाले, आता बिल महावितरणचं येणार. वीज मात्र पूर्वीइतकीच जाते. या उन्हाळ्यात भारनियमनानं यूपीएसच्या बॅटऱ्यांचा जीव काढला.

पूर्वी वीज गेली आणि जनरेटर वेळेत लागला नाही की मी किंवा शिपाई धावत येऊन डबे एकेक करून बंद करायचो. कुठला आधी, याचा कागद भिंतीला. आता यूपीएसचा सिग्नल एएस/४०० ला जातो. ठरलेली मिनिटं वाट पाहून आमचा प्रोग्राम आधी कार्ड व्हेरी ऑफ करतो, मग मशीन उतरवतो. परवा पहाटे तीनला हे सगळं झालं आणि मला सकाळी आठला कळलं. मेलचा एकटा डबा मात्र आडवा पडला होता, त्याची डेटाबेस दुरुस्ती दुपारपर्यंत चालली.

२८ जुलै, गुरुवार

मुंबईच्या डेपोशी आज दुपारी फोन लागला. माणसं सुखरूप आहेत. २६ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. डेपो कुर्ल्याला, तळमजल्यावर. पाणी छातीपर्यंत होतं.

तिथला छोटा सर्व्हर टेबलाखाली, जमिनीवर. बॅकअपच्या टेप त्याच टेबलाच्या खालच्या खणात. त्यांना दोष कसा देऊ? मीच बसवला होता तो तिथे, २००२ साली, एसीची हवा खाली येते म्हणून.

त्यांचा स्टॉक आणि बिलं लीज लाइननं थेट इथल्या एएस/४०० वर, ती सगळी आहेत. गेली ती त्या डब्यावरची पत्रं, दरपत्रकं, वसुलीच्या याद्या. एप्रिलमध्ये विचार केला होता की ती रोज रात्री लाइनवरून इथल्या कार्डावर आणावीत. लाइन ६४ केबीपीएसची, तासाला जेमतेम २८ एमबी. पण रात्र मोठी असते. विचार केला आणि व्हॅटमध्ये विसरलो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कार्ड टेबलाखाली ठेवताच येत नाही. ते राहतं एएस/४०० च्या पोटात, एएस/४०० राहतो एसीच्या बंद खोलीत, पहिल्या मजल्यावर, जिथे अजूनही लोक चपला बाहेर काढून येतात. कार्डाचा अर्धा भरवसा तंत्रातून येत असेल, अर्धा या चपलांमधून येतो. डब्याला तो मान कोणी देत नाही. त्यावर फाइली ठेवतात, कॅलेंडर टेकवतात, प्लग काढून मोबाइल चार्ज करतात. तोच डबा त्या खोलीत त्या मानानं ठेवला असता तर?

निम्मा फरक मिटला असता. हे टिपणात लिहिलं नव्हतं.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

कालचा आणि आजचा दिवस. यजमानाची नवी आवृत्ती चढवायची होती, व्हर्जन ५ रिलीज ३. तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून हिशेब मांडला : सकाळी आठला संपूर्ण बॅकअप, साडेअकराला आवृत्ती, रात्री नऊला सगळं हातात.

पहिल्याच पायरीला घसरलो. संपूर्ण बॅकअपसाठी मशीन एकांतात न्यावं लागतं, सगळे उपभाग बंद, कार्डही बंद. आणि पूर्वी साडेतीन तासांत होणारा तो बॅकअप काल सहा तासांवर गेला. कारण आता त्याच्या पोटात कार्डाचे ठोकळेही आहेत, शिवाय मी डिसेंबरपासून काढलेल्या आणि न पुसलेल्या सी ड्राइव्हच्या प्रती. चार. मागे जाण्याचं सुख म्हणून जपलेल्या.

मग आवृत्ती, मग पीटीएफ (आयबीएमचे दुरुस्तीचे पॅच), मग कार्डावरच्या विंडोजमध्ये बसणारा जोड-सॉफ्टवेअरचा तुकडाही त्याच पातळीला आणायचा. सकाळी सातला पहिली पाळी आत आली तेव्हा एएस/४०० अजून उठत होता.

डिस्पॅचवाले शांत होते. लेबल नाही, इनव्हॉइसही नाही, दोन्ही एकदम येणार हे त्यांना माहीत. पेटले ते टाइम ऑफिसचे अण्णा. पंचिंग मशीन चालू होतं, पण हजेरी वाचणारा सर्व्हर कार्डावर आणि कार्ड यजमानाबरोबर झोपलेलं. किती माणसं आली, कंत्राटी किती, हे कळेना. कँटीनला साडेसातपर्यंत आकडा द्यावा लागतो, नाहीतर जेवण कमी पडतं. अण्णांनी गेटवर उभं राहून डोकी मोजली. वहीत रेघा मारून, पाचाची एक जुडी.

नऊला सगळं उठलं. अण्णा माझ्या टेबलाशी आले, वही ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आमच्या हजेरीचं तुमच्या त्या यंत्राशी काय नातं आहे हो? महिन्यातून एकदा पगाराला भेटतात, तेवढंच ना?"

गेल्या ऑक्टोबरातली १४ तारखेची नोंद काढून वाचली. तिथे मीच लिहिलंय, एरवी संबंध नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दोन कामं.

एक, हजेरी कार्डावरून काढून वेगळ्या डब्यावर नेली. डबा नवा, ब्रँडेड, डिस्क दोन एकमेकींच्या प्रती. सर्व्हर रूममध्येच, रॅकच्या मधल्या फळीवर, वर काहीही ठेवायचं नाही अशी चिठ्ठी. यूपीएसचा सिग्नल त्यालाही जोडला. मुंबईसाठीही असाच एक मागवला आहे, तो भिंतीवरच्या फळीवर जाईल, माणसाच्या डोक्याच्या वर. त्याच्या फाइली महिनाभर झाला रोज रात्री इकडे येतात.

दोन, जादा कार्डाची चाचणी. एका बंद होणाऱ्या कारखान्याकडून जुनं, आपल्याच जातीचं कार्ड मिळालं, गेल्या महिन्याच्या त्या बंदमध्येच बसवून घेतलं होतं. आज चालू कार्ड मेलं असं मानलं. व्हेरी ऑफ. सर्व्हरच्या वर्णनात कुठलं यंत्र वापरायचं ते एका ओळीत लिहिलेलं असतं. तिथे दुसऱ्या कार्डाचं नाव घातलं. व्हेरी ऑन. तेच ड्राइव्ह, तेच नाव, तेच विंडोज, दुसरं शरीर. लेबल छापून पाहिलं, सुलट आलं. घड्याळ लावून अकरा मिनिटं. ऑपरेटरनं केलं, मी हात लावला नाही.

सी ड्राइव्हच्या जुन्या प्रती पुसल्या. एक ठेवली.

पुढच्या गुरुवारी संपूर्ण बॅकअप आहे, मशीन दिवसभर बंद. हजेरी आता वेगळी, म्हणजे टाइम ऑफिसला कळवायची गरज नाही. तरी अण्णांना सांगून ठेवतो.